स्लीप टेक्निशियन कसं होतात? झोपेच्या तपासणीचं काम, प्रशिक्षण आणि प्रवेशाआधी विचारायचे प्रश्न

"डोळे उघडे ठेवून समोर बघा. आता मिटा. मान न हलवता फक्त डोळ्यांनी डावीकडे बघा, आता उजवीकडे. पाच वेळा पापण्या मिचकवा. दात घट्ट आवळा. दहा सेकंद श्वास रोखून धरा. आता डाव्या पायाचा पंजा वर-खाली करा."

हॉस्पिटलच्या स्लीप लॅबमध्ये रात्री दिवे मालवण्याआधी रुग्णाला अशा सूचना दिल्या जातात. रुग्ण आतल्या खोलीत पलंगावर आडवा असतो. डोक्यापासून पायापर्यंत वायरी लावलेल्या असतात. शेजारच्या खोलीत स्क्रीनसमोर बसलेला टेक्निशियन माईकवरून बोलत असतो आणि प्रत्येक सूचनेबरोबर स्क्रीनवरची बरोबर तीच रेघ हलते का, हे पाहत असतो. डावीकडे बघायला सांगूनही डोळ्यांची रेघ सरळच राहिली, तर वायर सुटली आहे. ती आत्ताच नीट करायला हवी. तासाभराने लक्षात आलं, तर ज्याची झोप तपासायची आहे त्यालाच उठवावं लागेल.

झोपेची तपासणी करणाऱ्या या तंत्रज्ञाला स्लीप टेक्निशियन किंवा स्लीप टेक्नॉलॉजिस्ट म्हणतात. बारावीनंतर पॅरामेडिकलकडे वळणाऱ्या अनेकांना एक्स-रे, पॅथॉलॉजी, डायलिसिस ही क्षेत्रं माहीत असतात. या कामाची मात्र फारशी कल्पना नसते. हे काम नेमकं काय आहे, त्यासाठी काय शिकावं लागतं आणि आपल्याकडे ते कुठून शिकता येतं, ते समजून घेऊ.

या कामाची गरज का वाढते आहे?

घोरणं म्हणजे गाढ झोप, असा आपल्याकडे जुना समज आहे. प्रत्यक्षात मोठ्याने घोरणाऱ्या अनेकांचा श्वास झोपेत पुन्हा पुन्हा अडत असतो. घशाचा मार्ग बंद होतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू काही क्षणांसाठी जागा होतो, श्वास सुरू होतो आणि काही वेळाने पुन्हा तेच घडतं. याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. रात्रभर हे चालूनही सकाळी रुग्णाला त्यातलं काहीच आठवत नाही. त्याला जाणवतो तो फक्त थकवा, डोकेदुखी आणि गाडी चालवताना लागणारी डुलकी. उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराशीही या आजाराचा संबंध आहे.

मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ३५ ते ६५ वयोगटातल्या शहरी पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांमध्ये झोपेतल्या श्वसनाचा बिघाड आढळला होता. दिवसा झोप येण्याच्या त्रासासह हा आजार असलेल्यांचं प्रमाण ७.५ टक्के होतं. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २०२३ साली भारतातल्या आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांच्या अंदाजानुसार देशात कामकरी वयाच्या सुमारे १० कोटी ४० लाख लोकांना हा आजार आहे.

संशय आला की डॉक्टर स्लीप स्टडी, म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी करायला सांगतात. ती रात्रभर पार पाडणारा माणूस म्हणजे टेक्निशियन.

स्लीप स्टडीत काय काय मोजतात?

एकाच वेळी अनेक गोष्टी. मेंदूच्या लहरी म्हणजे ईईजी, डोळ्यांच्या हालचाली, हनुवटीच्या आणि पायांच्या स्नायूंचा ताण, हृदयाचे ठोके, नाकातोंडातून जाणारी हवा, छाती आणि पोटाची श्वासाबरोबर होणारी हालचाल, रक्तातला ऑक्सिजन, घोरण्याचा आवाज आणि रुग्ण कोणत्या कुशीवर आहे ते. सोबत रात्रभर व्हिडिओ सुरू असतो.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींवरून माणूस जागा आहे की झोपेच्या कोणत्या टप्प्यात आहे, ते कळतं. डोळे वेगाने हलतात अशी झोपेची एक अवस्था असते, हे शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली दाखवलं. यालाच आज आपण रेम झोप म्हणतो. या झोपेत मेंदू जवळजवळ जागेपणीसारखा सक्रिय असतो आणि बहुतेक स्नायू मात्र सैल पडलेले असतात. म्हणून हनुवटीला लावलेला छोटा इलेक्ट्रोडही महत्त्वाचा. तो नसेल तर रेम झोप ओळखणं अवघड होतं.

पहिला धडा: डोकं मोजणं

प्रशिक्षणाची सुरुवात बहुधा स्क्रीनपासून होत नाही, मोजपट्टीपासून होते. मेंदूच्या लहरी टिपायला इलेक्ट्रोड कुठे लावायचे, हे ठरवण्यासाठी जगभर '१०-२० पद्धत' वापरतात. कॅनडातले मेंदूतज्ज्ञ हर्बर्ट जॅस्पर यांनी ती १९५८ साली मांडली. नाकाच्या मुळाशी असलेल्या खळग्यापासून डोक्याच्या मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्याच्या १० आणि २० टक्क्यांवर खुणा करायच्या. अंतर ३६ सेंटीमीटर भरलं, तर पहिली खूण ३.६ सेंटीमीटरवर आणि पुढची त्यानंतर ७.२ सेंटीमीटरवर. डोकं लहान असो वा मोठं, टक्केवारीमुळे इलेक्ट्रोड मेंदूच्या त्याच भागावर बसतो.

खुणा झाल्या की केस बाजूला करून ती जागा खरबरीत जेलने हलकी घासायची, पेस्ट भरलेला इलेक्ट्रोड ठेवायचा आणि तो रात्रभर हलणार नाही असा चिकटवायचा. त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यातला विद्युत अडथळा सहसा ५ किलोओहमच्या खाली आणायचा असतो. इथे आपल्याकडची एक अगदी घरगुती अडचण येते, ती म्हणजे केसांचं तेल. तेलकट केसांवर इलेक्ट्रोड टिकत नाही. म्हणून अपॉइंटमेंट देतानाच 'केस धुऊन या, तेल लावू नका, एका बोटाचं तरी नेलपॉलिश काढून या' असं सांगावं लागतं. नेलपॉलिशमुळे बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरच्या आकड्यात फरक पडू शकतो.

सरावलेल्या हातालाही ही सगळी तयारी करायला पाऊण ते एक तास लागू शकतो. नवख्याला जास्त. तेवढा वेळ रुग्ण अवघडून बसलेला असतो. घर सोडून अनोळखी खोलीत, अंगभर वायरी लावून, कॅमेऱ्यासमोर झोपायचं ही कल्पनाच अनेकांना नकोशी वाटते. त्यामुळे छातीचा पट्टा बांधताना आधी विचारणं, महिला रुग्णासोबत महिला कर्मचारी किंवा नातेवाईक असणं, रात्री बाथरूमला जायचं असेल तर कसं बोलवायचं ते सांगणं, कॅमेरा कशासाठी आहे ते समजावणं, हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे. घाबरलेला रुग्ण झोपला नाही, तर तपासणीत मोजायला झोपच उरत नाही.

खरी रेघ कोणती, खोटी कोणती?

या कामाचा गाभा इथे आहे. यंत्र जे दाखवतं ते सगळं शरीरातून आलेलं असतंच असं नाही. काही रेघा वायर हलल्यामुळे, घामामुळे किंवा भिंतीतल्या विजेमुळे उमटतात. अशा खोट्या नोंदींना आर्टिफॅक्ट म्हणतात. शिकणाऱ्याचा बराच काळ ते ओळखण्यात जातो.

समजा खोलीतला एसी नीट चालत नाही आणि रुग्णाला घाम आला. घामामुळे ईईजीच्या रेघा संथ, मोठ्या लाटांसारख्या वर-खाली होऊ लागतात. गाढ झोपेतही मेंदूच्या लहरी संथ आणि मोठ्या असतात. नवखा माणूस घामाच्या लाटा पाहून 'गाढ झोप' अशी नोंद करून मोकळा होऊ शकतो. यावर उपाय आहे खोली थंड करणं.

भारतात घरगुती वीज ५० हर्ट्झची आहे. एखादा इलेक्ट्रोड सैल झाला की त्या रेघेवर ५० हर्ट्झचा दाट गुंता चढतो. सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर लावून तो लपवता येतो. चांगला प्रशिक्षक मात्र सांगतो, फिल्टर लावण्याआधी इलेक्ट्रोड तपासा.

सगळ्यात गंभीर चूक श्वासाच्या बाबतीत होऊ शकते. श्वासाचा प्रवाह किमान १० सेकंदांसाठी ९० टक्के किंवा त्याहून जास्त घटला, तर त्याला ॲप्निया म्हणतात. त्या वेळी छाती आणि पोट हलत असेल, म्हणजे शरीर श्वास घ्यायची धडपड करत असेल, तर अडथळा घशात आहे. छाती-पोट हलतच नसेल, तर मेंदूकडून श्वासाचा आदेशच येत नाहीये. याला सेंट्रल ॲप्निया म्हणतात. त्यामागे हृदयाची कमजोरी किंवा काही औषधं अशी वेगळी कारणं असू शकतात आणि त्याचे उपचारही वेगळे आहेत.

आता मध्यरात्री कुशीवर वळताना रुग्णाच्या छाती-पोटाचे पट्टे सैल झाले असं समजा. शरीर धडपडतंय, पण पट्ट्यांच्या रेघा सपाट आहेत. रिपोर्टमध्ये घशाचा अडथळा मेंदूचा दोष म्हणून दिसू शकतो. डॉक्टर सकाळी रेघा पाहतात, रात्री घसरलेला पट्टा त्यांना दिसत नाही. तो ज्याने पाहायला हवा, तो माणूस रात्री त्या खुर्चीत बसलेला असतो.

आत कधी जायचं, कधी नाही?

वायर सुटली की लगेच खोलीत जाऊन लावायची, असं सरळ उत्तर नाही. आत गेलं की रुग्ण जागा होण्याची शक्यता असते. दोन पायांपैकी एका पायाची वायर सुटली, तर थोडं थांबून तो कूस बदलेल तेव्हा जाता येतं. कानामागच्या ज्या इलेक्ट्रोडच्या तुलनेत बाकीच्या मेंदूच्या लहरी मोजल्या जातात तोच सुटला, तर थांबून उपयोग नाही.

वेळही बघावी लागते. रेम झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. घशाचे स्नायू सैल पडल्याने अनेकांचा ॲप्निया याच वेळी सर्वाधिक वाढतो, त्यातही उताणं झोपल्यावर. पहाटे नाकाची नळी निघाली आणि टेक्निशियनने आळस केला, तर आजाराचा सगळ्यात वाईट भाग नोंदवलाच जात नाही.

उपचाराची रात्र याहून अवघड असते. ऑस्ट्रेलियातले डॉ. कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली सीपॅप या उपचाराबद्दल पहिल्यांदा लिहिलं. नाकावरच्या मास्कमधून हवेचा सतत दाब देऊन घसा उघडा ठेवायचा, अशी ही पद्धत आहे. प्रत्येक रुग्णाला लागणारा दाब वेगळा असतो. मोठ्यांमध्ये तो सहसा ४ सेंटीमीटरपासून सुरू करतात आणि श्वास अडत राहिला तर किमान पाच मिनिटांच्या अंतराने थोडा थोडा वाढवतात. अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांमध्ये सीपॅपसाठी २० सेंटीमीटर ही वरची मर्यादा दिली आहे. दाब कमी पडला तर श्वास अडत राहतो, जास्त झाला तर रुग्ण जागा होतो आणि मास्क काढून ठेवतो. पहिल्याच रात्री मास्कचा वाईट अनुभव आला, तर घरी तो वापरलाच जाणार नाही, ही भीती असते. म्हणून मास्कचं माप घेणं आणि झोपण्याआधी काही मिनिटं तो लावून सवय करून देणं हेही शिकवलं जातं.

हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या अनियमित होणं, झटका येणं, रुग्णाने झोपेत उठून चालायला लागणं, असे प्रसंगही येतात. त्यामुळे सीपीआर यायलाच हवा आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना नेमकं केव्हा बोलवायचं, याचे लेखी नियम पाठ असायला हवेत.

सकाळी उरतात ९६० पानं

झोपेची नोंद ३० सेकंदांच्या तुकड्यांमध्ये वाचतात. हा आकडा कागदाच्या जमान्यातून आला आहे. तेव्हा नोंदीचा कागद सेकंदाला १० मिलिमीटर वेगाने सरकायचा आणि ३० सेंटीमीटरच्या एका पानावर ३० सेकंद मावायचे. १९६८ साली ॲलन रेक्टशाफेन आणि अँथनी केल्स यांच्या नियमावलीने ही पद्धत पक्की केली. २००७ पासून अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची नियमावली वापरात आली, तरी ३० सेकंद कायम राहिले.

आठ तासांच्या नोंदीत असे ९६० तुकडे होतात. प्रत्येक तुकडा जागेपणाचा, एन१, एन२, एन३ की रेम, हे ठरवायचं. सोबत श्वास अडण्याचे, ऑक्सिजन उतरण्याचे, पाय हलण्याचे प्रसंग नोंदवायचे. याला स्कोअरिंग म्हणतात. त्यावरून झोपेच्या दर तासाला सरासरी किती वेळा श्वास अडला किंवा मंदावला, तो आकडा निघतो. तोच एएचआय. मोठ्यांमध्ये ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र, असं साधारण वर्गीकरण आहे.

हे काम किती बारकाईचं आहे? अमेरिकेत २,५०० हून अधिक स्कोअरर सहभागी असलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, झोपेच्या टप्प्यांबाबत त्यांचं सरासरी ८२.६ टक्के वेळा एकमत झालं. जाग आणि झोप यांच्या सीमेवरच्या एन१ टप्प्याबाबत ते ६३ टक्क्यांवर आलं. म्हणूनच चांगल्या लॅबमध्ये शिकणाऱ्याने स्कोअर केलेली नोंद अनुभवी माणूस पुन्हा तपासतो आणि फरक का पडला यावर चर्चा होते. आता सॉफ्टवेअरही आपोआप स्कोअरिंग करतं, पण घामाची लाट आणि गाढ झोप यांत त्याचीही गल्लत होऊ शकते. त्याने दिलेली नोंद तपासायला नियम येणारा माणूस लागतोच.

यात एक मर्यादाही पाळायची असते. वायरी काढताना जवळजवळ प्रत्येक रुग्ण विचारतो, "काय निघालं?" रात्रभर रेघा पाहिलेल्या टेक्निशियनला अंदाज आलेला असतो. तरी निदान सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे. "नोंद व्यवस्थित मिळाली आहे, रिपोर्ट डॉक्टर समजावून सांगतील," एवढंच उत्तर द्यायचं असतं.

हे शिकायचं कुठे?

आपल्याकडे या कामाला एकच ठरलेली वाट नाही. बहुतेक जण शेजारच्या एखाद्या शाखेतून इथे येतात.

पहिली वाट न्यूरोलॉजीची. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी, म्हणजे बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी या अभ्यासक्रमात न्यूरोलॉजी टेक्निशियनसारख्या शाखा आहेत. बारावी विज्ञाननंतर तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, असं त्याचं स्वरूप आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये क्लिनिकल न्यूरोफिजिओलॉजी टेक्नॉलॉजीचं शिक्षण मिळतं. ईईजी आधीच येत असल्याने या मुलांना झोपेचे टप्पे लवकर समजतात.

दुसरी वाट रेस्पिरेटरी थेरपीची. श्वास, ऑक्सिजन, मास्क आणि व्हेंटिलेटर यांची ओळख असल्याने सीपॅपचा भाग त्यांना सोपा जातो, ईईजी नव्याने शिकावा लागतो. नर्सिंगमधून किंवा इतर पॅरामेडिकल शाखांमधून येऊन हॉस्पिटलमध्येच काम शिकलेलेही बरेच जण आहेत.

कायद्याच्या बाजूने एक महत्त्वाचा बदल झाला आहे. नॅशनल कमिशन फॉर अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स ॲक्ट हा कायदा २०२१ साली आला. त्याच्या परिशिष्टात ईईजी आणि ईएमजी टेक्नॉलॉजिस्टच्या गटात स्लीप लॅब टेक्नॉलॉजिस्टचाही उल्लेख आहे. या कायद्यानुसार अलाईड हेल्थ प्रोफेशनलचं शिक्षण किमान २,००० तासांचं आणि दोन ते चार वर्षांत विभागलेलं असायला हवं. 'तीन महिन्यांत स्लीप टेक्निशियन व्हा' अशी जाहिरात दिसली, तर हा आकडा आठवावा. छोटे कोर्स आणि कार्यशाळा आधीच पॅरामेडिकल पात्रता असलेल्यांना उपयोगी पडतात, बारावीनंतर थेट त्यावर करिअर उभं करणं जोखमीचं आहे.

इंडियन स्लीप डिसऑर्डर्स असोसिएशन आणि इंडियन सोसायटी फॉर स्लीप रिसर्च या संस्था भारतात या क्षेत्रात काम करतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर रजिस्टर्ड पॉलिसोम्नोग्राफिक टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजेच आरपीएसजीटी ही ओळखली जाणारी पात्रता आहे. तिची परीक्षा अमेरिकेतलं एक मंडळ घेतं. परदेशात जायचा विचार असेल, तर तिच्या अटी आधीच वाचून अनुभवाच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवाव्यात.

प्रवेश घेण्याआधी काय विचारावं?

- पदवी किंवा डिप्लोमा कोणत्या विद्यापीठाचा आहे आणि तो २०२१ च्या कायद्याच्या चौकटीत बसतो का?
- सराव कोणत्या हॉस्पिटलमध्ये? तिथे आठवड्याला किती रात्री पूर्ण स्लीप स्टडी होतात? काही ठिकाणी फक्त घरी नेण्याचं छोटं यंत्र वापरतात. त्यात मेंदूच्या लहरी बहुधा नसतात, त्यामुळे स्कोअरिंग शिकता येत नाही.
- रात्री सोबत अनुभवी टेक्निशियन असतो का? एका माणसाकडे किती रुग्ण? साधारण दोन रुग्णांमागे एक टेक्निशियन हे चांगलं प्रमाण मानतात.
- मी केलेलं स्कोअरिंग कोण तपासणार?
- लहान मुलांच्या तपासण्या आणि दिवसा होणाऱ्या एमएसएलटी पाहायला मिळतील का? एमएसएलटीमध्ये दोन-दोन तासांच्या अंतराने डुलकी घ्यायला लावून झोप किती लवकर लागते, ते मोजतात.
- शिकण्याच्या काळात विद्यावेतन किती? नोकरीत रात्रपाळीचा भत्ता वेगळा आहे का?
- नोकरी हॉस्पिटलची की यंत्र पुरवणाऱ्या कंपनीची? काही ठिकाणी तपासणी कंपनीचाच माणूस करतो आणि सीपॅप विकणारीही तीच कंपनी असते. अशा जागी विक्रीचं टार्गेट असेल, तर ते आधीच कळायला हवं.

आणि स्वतःची झोप?

दुसऱ्यांच्या झोपेवर पहारा देणाऱ्याला स्वतःची झोप दिवसा घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलं आहे. २००७ साली केलेलं हे वर्गीकरण २०१९ मध्येही कायम राहिलं. घाबरून जाण्याचं कारण नाही, पण 'सवय होईल' म्हणून सोडून देण्यासारखंही हे नाही. आठवड्याला रात्री किती, सलग किती, मध्ये सुट्टी किती, हे पगाराइतकंच स्पष्टपणे विचारावं. दिवसा अंधारी खोली आणि न वाजणारा फोन ही या नोकरीची गरज आहे, हे घरच्यांनाही समजावून सांगावं लागतं. पहाटेच्या ड्युटीनंतर दुचाकी चालवत घरी जाण्याऐवजी बस-रिक्षाने जाणं शहाणपणाचं. दिवसा झोपेने डोळे मिटलेल्या ड्रायव्हरचं काय होऊ शकतं, हे स्लीप लॅबमध्ये काम करणाऱ्याइतकं कुणाला माहीत असणार?

विज्ञानाची आवड, हाताला सफाई, आणि पहाटे चार वाजताही एक रेघ पुन्हा तपासण्याची चिकाटी असेल, तर हे काम जमू शकतं. शक्य असेल तर प्रवेशाची फी भरण्याआधी परवानगी घेऊन एखाद्या लॅबमध्ये संध्याकाळचे दोन तास बसून पाहा. रुग्णाच्या डोक्यावर खुणा करण्यापासून दिवे मालवेपर्यंतचं काम पाहिलं, की आपल्याला हे करायचं आहे की नाही, याचं बरंचसं उत्तर तिथेच मिळेल.